घरच्या स्टुडिओसाठी माइक आणि प्रीअँप निवडताना: कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर भरकटायला नको. ताईचं गाणं, माझं अकूस्टिक गिटार आणि मधेमधे व्हॉइसओव्हर. एका वेळी जास्तीत जास्त दोन माइक. ड्रम्स नाहीत, अँपवरचं इलेक्ट्रिक गिटार नाही. एवढं ठरल्यावर आठ चॅनलचे प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे), रॅक, पॅचबे (केबल जोडायच्या सॉकेटांचा पट्टा) हे सगळं यादीतून उडालं आणि निम्मा मोह तिथेच संपला.

हाताशी दोन इनपुटचा जुना यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, प्रीअँप त्याच्या आतच) आणि एक श्युअर एसएम ५७ माइक. श्युअरचाच एसएम ७ बी, ऑडिओ टेक्निकाचा एटी २०२० आणि रोडचा एनटी १ उसने आणलेत. एसएमवाले दोन्ही डायनॅमिक, म्हणजे विजेशिवाय चालणारे, बाकीचे दोन कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारे. एक मित्र नंतर रिबन माइक (आत धातूचा पातळ पत्रा असलेला) देणार आहे. विकत काहीच घ्यायचं नाही जोवर हे सगळे आपल्याच खोलीत, आपल्याच आवाजावर ऐकून होत नाहीत. किमती इथे लिहिणार नाहीये, त्या थोड्याच दिवसांत शिळ्या होतात. पैसे कुठे लागले आणि कुठे वाचले तेवढं लिहीन.

६ ऑगस्ट

माइकच्या आधी खोली. सगळं बंद करून नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवून हेडफोनवर ऐकली. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत काय काय चालू असतं! कॉम्प्युटरचा पंखा, खिडकीच्या फटीतून येणारा रस्ता, आणि एक बारीक शिट्टी, जी एका एलईडी दिव्याच्या अडॅप्टरमधून येत होती. दिवा बदलला, शिट्टी गेली.

आकडे घ्यायला फोनवरचं मीटर कामाचं नाही, कारण फोनच्या माइकचा स्वतःचाच आवाज असतो आणि त्याच्या खाली ते मोजूच शकत नाही. साधं साउंड लेव्हल मीटर मागून आणलं. सीलिंग फॅन चालू असताना ४६ डीबी, फॅन बंद पण कॉम्प्युटर चालू ३६, दोन्ही बंद आणि रात्र असेल तर ३०. हा ३० चा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवलाय, पुढची सगळी हिशोबबाजी ह्याच्यावरच.

९ ऑगस्ट

चारही माइक एकाच वेळी लावता येत नाहीत, इनपुट दोनच, म्हणून जोडीजोडीने लावले. तोंडापासून वीस सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर, दोघांची तोंडं शेजारीशेजारी. ताईने तेच कडवं गायचं.

पहिला राउंड पूर्ण फुकट गेला. ऐकताना प्रत्येक वेळी एनटी १ च भारी वाटत होता, अगदी डोळे झाकून. मग मीटरकडे बघितलं तर तो बाकीच्यांपेक्षा दीड डीबी मोठा होता. दीड डीबी मोठं आहे हे कानाला ‘मोठं’ म्हणून कळत नाही, ‘छान’ म्हणून कळतं. त्यामुळे सगळे टेक परत ऐकायच्या आधी लाउडनेस मीटरवर एकमेकांच्या अर्ध्या डीबीच्या आत आणले, आणि ताईला म्हटलं तूच फायलींना क, ख, ग, घ नावं दे, मला सांगू नकोस. हे केल्याशिवाय माइकची तुलना करण्यात काही अर्थ नाही, मग माइक कितीही महागडे असोत.

बरोबरीने ऐकल्यावर चित्र बरंच बदललं. हळू आवाजातल्या ओळींवर एनटी १ सरस, ह्यात दोघांचं एकमत, कारण त्याच्या स्वतःच्या आवाजाचा आकडा ४.५ डीबी आहे आणि एटी २०२० चा २०. खोलीच ३० ची असताना हा फरक जाणवायला नको असं मला वाटलं होतं, पण कंडेन्सरची हिस (श्श्श असा आवाज) वरच्या पट्टीत असते आणि खोलीचा आवाज बहुतेक खालच्या, त्यामुळे ती झाकली जात नाही, विशेषतः नंतर कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) लावल्यावर. एटी २०२० वर ताईचे स आणि श टोचतात. तिचा आवाज मुळातच वर चमकणारा आहे, त्यात माइकने आणखी भर घातली. दुसऱ्या कुणाच्या दबलेल्या आवाजावर हाच माइक वरदान ठरेल. मोठ्या आवाजातल्या ओळींवर तिने डोळे झाकून एसएम ५७ निवडला! नाव सांगितलं तर म्हणाली, ‘हा तर स्टेजवर गिटारच्या अँपसमोर लोंबकळत असतो.’ असतो, पण १९६५ पासून लोक त्याच्यासमोर गातायत पण. फक्त प आणि ब ला जाम फुटतो, स्पंजाची टोपी लागतेच.

१० ऑगस्ट

सगळीकडे एक वाक्य ऐकायला मिळतं, ‘कंडेन्सर खोली पकडतो, डायनॅमिक पकडत नाही, घरी डायनॅमिकच घ्या.’ म्हटलं तपासूनच बघू. एसएम ५७ आणि एटी २०२०, दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः पुढून ऐकणारे, दोन्ही तोंडापासून बरोबर वीस सेंटिमीटर. आवाजाची लेव्हल सारखी केली आणि मग ताईने खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टाळ्या वाजवल्या.

टाळ्या दोन्ही ट्रॅकवर जवळपास सारख्याच मोठ्या. कंडेन्सरवर जरा जास्त कुरकुरीत, कारण वरची पट्टी तो जास्त देतो, पण ‘खोली’ म्हणून जे काही येतं ते तेवढंच.

म्हणजे गोष्ट अशी, की कंडेन्सर जास्त व्होल्टेज देतो, जास्त लांबचं ऐकत नाही. गेन खाली आणला की तो आपला आवाज आणि खोली दोन्ही एकदमच खाली नेतो. मग लोकांचा अनुभव खोटा का? नाही, फक्त कारण दुसरं आहे. डायनॅमिकला आपण ओठ टेकवतो आणि कंडेन्सरपासून मोठ्या स्टुडिओतल्या फोटोंसारखं फूटभर लांब उभे राहतो. अंतर निम्मं केलं की आपला आवाज साधारण ६ डीबी वाढतो आणि खोलीची गुंज आहे तिथेच राहते. तीस सेंटिमीटरवरून पंधरावर या, हे ६ डीबी फुकट मिळतात, एवढा फरक कुठल्याच माइकच्या मॉडेलने मिळत नाही. बदल्यात कार्डिऑइड माइक जवळून खर्ज फुगवतो, तो हाय पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) लावून कापता येतो. खोलीची गुंज मात्र नंतर कापता येत नाही.

दुपारी ताईच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड रजई टांगली आणि परत टाळी वाजवली. फटफट असा जो शेपटासारखा आवाज यायचा तो गेला. माइक जिकडे तोंड करून असतो ती बाजू म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची, रजई तिथे लावा. बरेच जण माइकच्या मागे स्पंज लावतात आणि मग फरक का पडत नाही म्हणून वैतागतात.

१३ ऑगस्ट

एसएम ७ बी चा दिवस. व्हॉइसओव्हरला सगळे हाच घ्या म्हणतात. जुन्या इंटरफेसवर लावला, ओठांपासून चार बोटांवर, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात. गेनचा नॉब शेवटापर्यंत फिरवला तरी मीटर हिरव्याच्या खालच्या भागात रेंगाळतंय. आणि नॉबच्या शेवटच्या वळणावर श्श्श अशी हिस एकदम वर येते, तेवढ्या भागात आवाज कमी वाढतो आणि हिस जास्त.

ह्यात माइकचा दोष नाही. त्याची संवेदनशीलता १.१२ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, एनटी १ ची ३५. म्हणजे तोच आवाज, तीसपट फरक. श्युअर स्वतःच सांगते की ह्याला निदान ६० डीबी गेन पाहिजे. माझ्या जुन्या इंटरफेसकडे तेवढा नाहीच.

मग क्लाउडलिफ्टर मागून आणला, माइक आणि इंटरफेसच्या मधे लावायची डबी, ती फँटमवर (इंटरफेस माइकच्या केबलमधूनच देतो ती ४८ व्होल्टची वीज) चालते आणि साधारण २५ डीबी वाढवून देतो. जुन्या इंटरफेसवर फरक अगदी ढळढळीत, हिस निघून गेली. आनंदाने ऑर्डर द्यायलाच निघालो होतो, पण शेजारी मित्राचा नवा इंटरफेस पडला होता, त्यावरही लावून बघितला. त्यावर क्लाउडलिफ्टर असताना आणि नसताना, दोन्ही टेक समान लेव्हलला आणून ऐकले तर मला तरी सांगता येईना कुठला कुठला.

१४ ऑगस्ट

काल रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. थिअरी नको असेल त्यांनी ही नोंद सोडून द्या, पण माझे सगळ्यात जास्त पैसे ह्याच नोंदीने वाचवले.

प्रीअँपचा स्वतःचा आवाज ईआयएन ह्या नावाने कागदावर दिलेला असतो. नव्या इंटरफेसचा उणे १२८ डीबीयू (आकडा जितका खाली तितका प्रीअँप शांत). व्होल्टेजमध्ये हे साधारण ०.३ मायक्रोव्होल्ट. एसएम ७ बी च्या १.१२ मिलिव्होल्टने भागलं आणि खोलीच्या भाषेत आणलं तर होतात २३ डीबी. म्हणजे प्रीअँपची हिस, जणू काही माइकसमोर २३ डीबीचा आवाज चालू आहे अशी. खोली ३० ची, कार्डिऑइड चहूबाजूंच्या आवाजातला पाचेक डीबी टाळतो, म्हणून खोलीचे राहिले २५. दोन्ही मिळून २७.

आता महागडा, अतिशांत प्रीअँप घेतला तर? दीडशे ओहमच्या कुठल्याही माइकच्या कॉइलला उष्णतेमुळे स्वतःचा आवाज असतोच, तो उणे १३१ च्या आसपास. त्याच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही, पैसे कितीही ओता. म्हणजे २७ चे फार तर २६ होणार. एक डीबी! आणि नुसता कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत हलवला की ३६ चे ३०.

जुन्या इंटरफेसचा आकडा उणे ११८ आहे. तिथे हेच गणित ३३ वर जातं, म्हणजे प्रीअँप खोलीपेक्षा मोठा झाला. म्हणून तिथे क्लाउडलिफ्टरने जादू केली आणि नव्यावर केली नाही.

कंडेन्सरला तर हा प्रश्नच नाही. एटी २०२० ला नव्या प्रीअँपची हिस १ डीबीएवढी पडते आणि एनटी १ ला शून्याच्याही खाली. त्यांच्यासाठी ‘शांत प्रीअँप’ शोधत बसणं म्हणजे फुल्ल पावसात छत्रीला इस्त्री करणं.

१८ ऑगस्ट

तरीपण लोक बाहेरचा प्रीअँप घेतात ते काही वेडे नाहीत, रंगासाठी घेतात. १९७० च्या नीव्ह १०७३ च्या घराण्यातला, ट्रान्सफॉर्मर असलेला एक चॅनल दोन दिवसांसाठी मिळाला.

सुरुवातीलाच एक अडचण. त्याची केबल इंटरफेसच्या पुढच्या सॉकेटमध्ये एक्सएलआरने (माइकचा तीन पिनांचा प्लग) लावली तर ती जाते माइक इनपुटला, म्हणजे प्रीअँपच्या मागे परत प्रीअँप, आणि सगळं फाटलेलं. टीआरएस जॅकने लाइन इनपुटला लावायचं. त्यातही एक गोम, बऱ्याच छोट्या इंटरफेसमध्ये ‘लाइन’ म्हणजे तोच माइक प्रीअँप, फक्त आधी लेव्हल पाडलेली. मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम बघा आणि मगच बाहेरच्या प्रीअँपचा विचार करा, नाहीतर ज्याच्यापासून सुटका म्हणून तो आणला त्याच्यातूनच सिग्नल जाणार.

नीट लावल्यावर, नेहमीच्या लेव्हलला, समान करून, फायलींची नावं झाकून: ताई चुकली, मीही चुकलो. मग इनपुट गेन मुद्दाम वर ढकलला आणि आउटपुट खाली घेतला. आता ऐकू आलं. खर्जाला एक जाडी येते, टोकं गोल होतात, बेस गिटार थेट लावला तर फार मस्त वाटतं. ताईच्या आवाजावर आम्हा दोघांनाही नको वाटलं. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये एकदा रंग चढला की उतरत नाही. परत केला. जड मनाने, पण परत केला.

२१ ऑगस्ट

दोन कंडेन्सर एकदम लावले की एकावर जोरात गायल्यावर आवाज फाटतोय. गेन कमी केला तरी फाटतोच, म्हणजे प्रीअँप नाही, माइकच आतून फाटतोय. केबल बदलली, चॅनल बदलला, माइक अदलाबदल केले, ह्यात अख्खी संध्याकाळ गेली.

शेवटी मल्टीमीटर. एक्सएलआरच्या टोकाला लाल तार पिन २ वर, काळी पिन १ वर, फँटम चालू. ४८ हवेत, चारेक व्होल्ट इकडेतिकडे चालतात. जुन्या इंटरफेसवर मोकळ्या टोकाला ४५ आले, ठीक. मग दुसऱ्या चॅनलला कंडेन्सर लावला आणि परत मोजले तर ३६! मोकळ्या टोकालाच एवढे कमी, माइक लावल्यावर आणखी उतरणार. (माइक लावलेल्या पिनवर व्होल्टेज कमी दिसणं साहजिक आहे, मधे ६.८ किलोओहमचे रेझिस्टर असतात. पण शेजारच्या चॅनलमुळे पडायला नको.) लॅपटॉपच्या यूएसबीवर सगळा भार, तिथून तेवढी वीज मिळत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे टाकला, ४४ वर स्थिर झाले, फाटणं बंद.

त्याच हबमुळे घरघर सुरू झाली, ती लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. दोन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेंशनला लावल्यावर गेली.

२५ ऑगस्ट

गिटार. माइक भोकासमोर ठेवला तर ढुम ढुम, कारण पोटातल्या हवेचा स्वतःचा सूर साधारण १०० हर्ट्झला असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. बाराव्या पट्टीकडे सरकवला, तीस सेंटिमीटर लांब, तोंड किंचित भोकाकडे, झालं. एवढ्याशा हालचालीने जो फरक पडला तो चार माइक बदलूनही पडला नव्हता.

स्टिरिओसाठी ओआरटीएफ करून बघितलं, दोन माइकांच्या तोंडांमध्ये १७ सेंटिमीटर आणि ११० अंशांचा कोन. एकटं गिटार असेल तर सुंदर. पण ताईच्या गाण्याखाली तेच गिटार इतकं पसरतं की गाण्याला जागाच उरत नाही. तिच्या गाण्यांना एकच माइक पुरे. त्यामुळे ‘मॅच केलेली जोडी’ ही यादीतली ओळ पण खोडली.

२९ ऑगस्ट

मला वाजवत गाताना एकत्र रेकॉर्ड करायचं होतं, आणि दोन कार्डिऑइडने ते जमेना. गिटारच्या माइकमध्ये गाणं भरपूर शिरतं, मग नुसतं गाणं मोठं करता येत नाही.

मित्राचा रिबन आला. तो फिगर एट, पुढून आणि मागून ऐकतो, बाजूने ठार बहिरा. रिबन गिटारवर असा धरला की त्याची बाजू माझ्या तोंडाकडे येईल. डोक्यावर हेडफोन, एका हाताने माइक फिरवत गात राहिलो, आणि एका ठिकाणी माझाच आवाज एकदम पातळ होऊन मागे गेला. तीच जागा. नट घट्ट केला. तिथून अंगठ्याएवढं जरी हललं तरी गाणं परत आत येतं, म्हणून खुर्चीचे पायही टेपने जमिनीवर आखून घेतले.

पण रिबनला आउटपुट फार कमी आणि बोटांनी छेडलेलं गिटार मुळातच हळू, शिवाय जवळ गेलं की खर्ज बेसुमार वाढतो म्हणून लांब ठेवावा लागतो. इथे मात्र १४ तारखेचं गणित उलटलं, जुन्या इंटरफेसवर हिसच हिस. हळू वाद्य, लांब माइक, कमी आउटपुट, हे तिन्ही एकत्र आले तरच शांत आणि भरपूर गेनचा प्रीअँप हवा. माझ्या कामात हे क्वचित होणार, पण होणार.

फँटमबद्दल: केबल धड असेल तर ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर सारखेच येतात, रिबनमधून काही वाहत नाही. एखादी पिन शॉर्ट असेल, किंवा फँटम चालू असताना पॅचबेमध्ये जॅक घातला, तर पत्रा ताणला जाऊ शकतो. उसन्या माइकवर हा जुगार खेळायचा नाही, म्हणून लावायच्या आधी प्रत्येक केबल मल्टीमीटरने तपासली. एक सदोष निघालीच.

३ सप्टेंबर

घेतलं काय: एक एनटी १, सेकंडहँड, आणि एक नवा इंटरफेस, ईआयएन उणे १२८ आणि गेन ६९ डीबी, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा. एसएम ५७ आहेच, त्याला टोपी. जड पायाचा स्टँड, कारण हलक्या स्टँडवर एनटी १ कुणी नुसतं खोलीत चाललं तरी डोलतो. घेतलं नाही काय: एसएम ७ बी, क्लाउडलिफ्टर, बाहेरचा प्रीअँप, माइकांची जोडी. रिबन लागेल तेव्हा मित्राकडून.

सगळ्यात जास्त पैसे इंटरफेसला गेले हे खरं, पण तो घेतला तो ‘प्रीअँपच्या आवाजासाठी’ नाही, गेन पुरावा आणि फँटम टिकावा म्हणून. उरलेल्यातून रॉकवूलची दोन पॅनल आणि कॉम्प्युटर बाहेर ठेवण्यासाठी लांब केबल.

९ सप्टेंबर

पहिलं खरं रेकॉर्डिंग. एनटी १ पंधरा सेंटिमीटरवर, तोंड सरळ नाही, थोडं बाजूला वळवलेलं, स आणि श त्यानेच बरे झाले. पीक उणे १० च्या वर जाऊ दिले नाहीत, २४ बिटमध्ये एवढी जागा सोडायला काहीच हरकत नाही. मोठ्या ओळींना ताई आपोआप मागे सरकते, स्टेजची सवय, आणि प्रत्येक वेळी खोली आत येते. तिला म्हटलं, ‘तू सरकू नकोस, मी गेन कमी ठेवलाय.’ ऐकत नाही. मग मोठ्या कडव्यांसाठी माइकच बदलला, एसएम ५७ टोपीसकट ओठांजवळ, आता सरकायला जागाच नाही. दोन माइकांचे टेक एकाच गाण्यात जोडताना थोडं ईक्यू (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण बदलणं) करावं लागलं, पण जोड कळत नाही.

खिडकीच्या फटीला रबराची पट्टी लावायची राहिलीय. रस्ता अजून येतोय.